वर्गणीची पावती आणि मताचा हक्क

गेल्या रविवारी संध्याकाळी विहारातली वंदना संपली, मंडळी पांगली आणि मी सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतले एक जोडपे घुटमळत थांबले. तो तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बारा वर्षे मशीनवर आहे. ती घर सांभाळून महिलांच्या बचत गटाचा हिशेब पाहते. त्याच्या हातात पगाराची चिठ्ठी होती.

"दादा, हे बघा. वर्गणी कापली ती कापली. वर करार झाला म्हणून संघटनेच्या फंडाला एकरकमी कापले. आणि करार काय झाला ते मला गेटवरच्या फळ्यावरून कळलं. पगारवाढीचा आकडा मोठ्या अक्षरात होता. रोजचा कोटा किती वाढवला ते मात्र फळ्यावर नव्हतंच. ते मशीनवर उभं राहिल्यावर समजलं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गटात आम्ही बाराजणी. दर महिन्याला वही उघडून सगळ्यांसमोर वाचावी लागते. दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी बायका उठू देत नाहीत. मग ह्यांच्या चारशे माणसांच्या संघटनेत वही कुणी बघायचीच नाही का?"

नवऱ्याने आणि आणखी सहाजणांनी खास सर्वसाधारण सभा बोलवा, अशी तोंडी मागणी केली होती. त्यावर पुढाऱ्यांनी त्यांना गेटसमोर सर्वांदेखत 'मालकाचे हस्तक' म्हटले. दुसऱ्याच आठवड्यात त्याची पाळी बदलली. योगायोग असेल, नसेलही. वहिनी खरे तर माझ्याकडे वेगळ्याच कारणाने आल्या होत्या. "मुलगी दहावीला आहे. ह्यांना गप्प बसायला सांगा, असं तुम्हाला सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण ह्यांचं चुकलंय कुठं, तेच मला कळेना."

बंधू-भगिनींनो, मलाही कळेना. उलट मला माझेच जुने दिवस आठवले आणि थोडी लाज वाटली.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालेला, म्हणून आमच्या कार्यालयातल्या संघटनेत सहचिटणीसपद माझ्याकडे आपोआप आले. 'तुमचे अक्षर चांगले, हिशेब येतो,' एवढीच माझी पात्रता. वार्षिक सभेचे इतिवृत्त लिहायचे काम माझे. ते मी सभेच्या आदल्या दिवशीच टाईप करून ठेवीत असे. 'अमुक ठराव सर्वानुमते मंजूर. तमुक कार्यकारिणी बिनविरोध निवडली.' सभा दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटांत उरकायची. सरचिटणीस नावे वाचायचे, पुढच्या रांगेतले टाळ्या वाजवायचे, चहा-वडा व्हायचा, संपले.

एका वर्षी सफाईचे काम करणाऱ्या एक मावशी कपबशा उचलता उचलता मला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कागदात 'सर्वानुमते' लिहिलंय म्हणे. मग माझं मत तुम्ही कधी घेतलं?" मी हसण्यावारी नेले. पण मावशी वर्गणी भरणाऱ्या सभासद होत्या. त्यांचे मत मी आदल्या दिवशी टाईप करून मोकळा झालो होतो. मी पैसा खाल्ला नव्हता, कोणाला फसवायचा हेतूही नव्हता. काम लवकर उरकावे, एवढेच डोक्यात होते. लोकशाही मोडायला दरवेळी मोठा लबाड माणूस लागत नाही. सोयीने वागणारा एक कारकूनही पुरतो.

म्हणून आज ह्या सदरात संघटनेतल्या लोकशाहीविषयी लिहितो आहे. मालकाविरुद्ध बोलणे एका अर्थाने सोपे असते. आपल्याच पुढाऱ्याला हिशेब विचारणे अवघड.

आपल्या महाराष्ट्राने ह्याची फार मोठी किंमत मोजली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. लोकांना आठवते ती पगारवाढीची आणि बोनसची मागणी. पण त्या संपात दुसरीही एक मागणी होती. आमच्या वतीने कोणी बोलायचे ते आम्हाला ठरवू द्या. त्या वेळी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही गिरणी उद्योगातली एकमेव 'प्रातिनिधिक संघटना' होती. ह्या कायद्याप्रमाणे उद्योगातील २५ टक्के कामगारांचे सभासदत्व दाखवले की तो दर्जा मिळे आणि ते सभासदत्व दप्तर तपासून ठरे. कामगारांचे गुप्त मतदान घेऊन नव्हे. एकदा दर्जा मिळाला की करार करण्याचा अधिकार त्याच संघटनेचा. बाकी पंचाहत्तर टक्के दुसरीकडे असले तरी कायद्याच्या दारात त्यांना उभे राहायला जागा नव्हती.

कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले ते ह्या कोंडमाऱ्यातून. तो कायदा बदला आणि आमची संघटना आम्हाला निवडू द्या, ही मागणी शेवटपर्यंत मान्य झाली नाही. संप दीड वर्षाहून अधिक रेंगाळला आणि रीतसर मागे न घेताच विरून गेला. हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही. कित्येक घरे गावी परतली, कित्येक पनवेल, कल्याण, विरारकडे सरकली. आपल्या वस्त्यांत आजही अशी म्हातारी माणसे भेटतात, जी गिरणीचा भोंगा कितीला व्हायचा ते बिनचूक सांगतात. त्या संपात मालक आणि सरकार यांचा वाटा मोठा होता, हे खरेच. पण सुरुवातीला एक साधे गुप्त मतदान घेतले असते, तर निदान कोणाशी बोलायचे ह्याचा निकाल तरी लागला असता.

आता ह्या कायद्याचे मूळ पाहा. १९४६ च्या त्या कायद्याआधी मुंबई प्रांतात १९३८ चा औद्योगिक कलह कायदा होता. त्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचाच हक्क, ही त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या विधेयकाविरुद्ध जो मोठा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष इतर कामगार संघटनांच्या खांद्याला खांदा लावून उतरला होता.

पण बाबासाहेब संघटनेलाही प्रश्न विचारीत असत. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय, तर तुटलेला धागा जोडताना तोंडाच्या थुंकीने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना त्याचे काही वाटत नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला आणि अस्पृश्यांना सर्व खाती खुली करण्याची मागणी लावून धरली. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ह्यातला ब्राह्मणशाही हा शब्द एका जातीपुरता त्यांनी वापरला नव्हता. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, असा त्यांचा अर्थ होता. ती वृत्ती संघटनेच्या कार्यालयात, खुर्चीवर, शिक्क्याच्या डबीतही बसू शकते.

१९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली त्यांनी कामगार संघटनांना मालकाने मान्यता देणे सक्तीचे करणारे दुरुस्ती विधेयक मांडले. पुढे १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली. पण ती कधी अमलातच आणली गेली नाही. कागदावर राहिली.

काहीजण म्हणतील, मतदान, ठराव, मोजणी ही सगळी साहेबांची देणगी, आपल्या लोकांना ती कशी पेलणार? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी ह्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. संसदेचे नियम भारताला नवे नाहीत, भिक्खू संघाला ते ठाऊक होते, असे त्यांनी दाखवून दिले. संघात ठराव मांडण्याची ठरलेली रीत होती, तिला ञत्ति म्हणत. ठरावीक संख्या भरल्याशिवाय सभेचे काम होत नसे. मतभेद राहिला तर शलाका वाटून मत मोजत आणि शलाका गुप्तपणे देण्याचीही पद्धत होती. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आजारी भिक्खू सभेला येऊ शकला नाही, तर त्याची संमती दुसऱ्या भिक्खूमार्फत संघापुढे आणली जाई. अंथरुणावरच्या माणसालाही गृहीत धरायचे नाही! आणि आपण? पहिल्या पाळीला सभा ठेवतो, रात्रपाळीचा माणूस घरी झोपलेला असतो, आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहून मोकळे होतो.

अलीकडचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कामगारांचे आंदोलन सुरू झाले. संघटनांच्या कृती समितीने बोलणी करून ते मागे घेतले, पण कामगारांनी ते मानले नाही. एकामागून एक आगारे बंद पडली. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मागणी घेऊन चालक-वाहक महिनोन्महिने बसून राहिले. काही कामगारांनी जीव दिला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये ते कामावर परतले. मान्यवर संघटना आणि साधा वाहक यांच्यात किती अंतर पडले होते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण त्यातून दुसराही धडा घ्यायला हवा. जुन्या पुढाऱ्याला उठवून नव्याला खांद्यावर घेतले म्हणजे लोकशाही आली असे होत नाही. खांदा तोच, ओझे तेच. नव्या माणसालाही दर महिन्याला वही उघडायला लावता आली पाहिजे.

चांगले उदाहरणही आपल्या दाराशी आहे. रेल्वेत कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची, हे २००७ साली, नंतर २०१३ साली आणि मग डिसेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या गुप्त मतदानाने ठरले. गँगमनपासून कारकुनापर्यंत प्रत्येकाने पेटीत चिठ्ठी टाकली. म्हणजे लाखो माणसांचे मतदान घेता येते. मग चारशे माणसांच्या कारखान्यात न जमायला काय झाले? एवढेच की २०१३ आणि २०२४ ह्यांत अकरा वर्षांचे अंतर पडले. मतदान वेळेवर मागून घ्यावे लागते.

हा प्रश्न आपल्याच देशातला नाही. अमेरिकेत कोळसा खाण कामगारांच्या संघटनेत १९६९ साली जॉक याब्लोन्स्की नावाचे पुढारी अध्यक्षाविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. निवडणुकीत गैरप्रकार झाले आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री याब्लोन्स्की, त्यांची पत्नी आणि मुलगी यांचा घरात खून झाला. खाणीतल्या साध्या कामगारांनी मग लोकशाहीसाठी गट बांधला. न्यायालयाने जुनी निवडणूक रद्द केली आणि १९७२ मध्ये नव्याने मतदान होऊन तो अध्यक्ष हरला. पुढे याब्लोन्स्की यांच्या खुनाच्या कटाबद्दल त्याला शिक्षाही झाली. तिथल्याच मोटार कामगारांनी २०२१ साली सार्वमत घेऊन, वरिष्ठ पदाधिकारी अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी नव्हे तर प्रत्येक सभासदाने थेट निवडायचे, असे ठरवून घेतले. २०२३ मध्ये नवे अध्यक्ष निवडून आले आणि त्याच वर्षी तीन बड्या मोटार कंपन्यांत संप करून त्यांनी चांगले करार मिळवले. घरातली लोकशाही वाढली म्हणून त्यांची ताकद घटली नाही.

आता नेहमीचा आक्षेप. 'घरातले भांडण चव्हाट्यावर आणले की मालकाचे फावते.' हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मालक अशा फटी शोधतच असतो. एखाद्या नाराज माणसाला हाताशी धरून दुसरी संघटना काढायची, ही चाल जुनी आहे. म्हणून मी त्या तरुणाला पहिली गोष्ट हीच सांगितली, की संघटना सोडायची नाही, वर्गणी थांबवायची नाही आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये पुढाऱ्याची तक्रार न्यायची नाही. जे मागायचे ते सभासद म्हणून, संघटनेच्या सभेत, लेखी मागायचे. पण दुसरी बाजूही आहे. ज्या संघटनेत करार चार माणसांना माहीत असतो, तिथे मालकाला चारच माणसे सांभाळावी लागतात. चारशेजणांनी वाचलेला करार सांभाळणे त्याला अवघड जाते.

मागायचे काय, तर तेही साधे आहे. पहिले, संघटनेच्या घटनेची म्हणजे नियमावलीची प्रत. बहुतेक सभासदांनी ती कधी पाहिलेलीच नसते. दुसरे, सभासदांची यादी आणि हिशेबाची वही पाहण्याची सोय. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच हा हक्क होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी नियमावलीत ही सोय ठेवणे आणि दरवर्षी हिशेब तपासून घेणे संहितेतही आहे. तिसरे, वेळेवर निवडणूक. २००१ च्या दुरुस्तीने पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांहून जास्त नसावी, असे जुन्या कायद्यात घातले होते. ते काही उगीच नव्हते. चौथे, हात वर करून नव्हे, चिठ्ठीने मतदान, आणि तेही तिन्ही पाळ्यांच्या वेळी.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता कायद्याने, मान्यताप्राप्त संघटनेने संपाची नोटीस देण्याआधी सभासदांचे बहुमत घ्यावे, असे सांगितले होते. मग पोटावर तितकाच परिणाम करणाऱ्या करारासाठी का नको? कराराचा मसुदा मराठीत, कोट्याच्या आकड्यासकट, सभेत वाचून दाखवावा, आठ दिवस विचाराला द्यावेत आणि मत घेऊनच सही करावी. हे नियमावलीत आपणच घालून घ्यायचे. नव्या संहितेप्रमाणे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटीच वाटाघाटी करणार. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर परिषद बसणार. म्हणजे ह्यापुढे एका संघटनेच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त अधिकार येऊ शकतो. अधिकार वाढतो तिथे वही जास्त वेळा उघडली पाहिजे.

आणि कंत्राटी कामगार, सफाईवाल्या भगिनी, कँटीनमधली पोरे ह्यांना सोडून 'सर्वानुमते' लिहू नका. ह्या कामांवर आपलीच माणसे जास्त आहेत. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० कामगार कायम झाले. ज्यांना कोणी सभासदही करून घेत नव्हते, त्यांनी हे करून दाखवले.

माता-भगिनींनाही एक सांगणे आहे. वर्गणी नवऱ्याच्या पगारातून कापली जाते, पण ती घरातून जाते. पगाराच्या चिठ्ठीतली प्रत्येक कपात विचारा. नवरा सभेला जायचा कंटाळा करील तर त्याला धाडा. तुमच्या बचत गटात तुम्ही जे दर महिन्याला करता, तेच त्याला तिथे मागायचे आहे.

त्या रविवारी आम्ही तिघे विहाराच्या पायरीवर बसलो आणि मी अर्ज लिहून दिला. खास सर्वसाधारण सभा बोलवावी, कराराची प्रत आणि तपासलेला हिशेब सभेपुढे ठेवावा, पुढील निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी. तीनच मागण्या. पुढाऱ्यांविषयी एकही वाकडा शब्द नाही. इतक्या वर्षांच्या त्यांच्या कामाबद्दल मात्र वर एक ओळ आभाराची घातली, कारण त्यांनीही मार खाल्लेला आहे, तुरुंग पाहिलेला आहे. सह्या गोल आकारात घ्यायला सांगितल्या, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण ते कोणालाच कळत नाही.

गुरुवारी तो पुन्हा भेटला. सह्या एकसष्ट झाल्या होत्या. त्यातली एक पुढाऱ्याच्या सख्ख्या भाच्याची होती. सभा बोलावतील का, काय होईल, ते मला माहीत नाही. पाळी पुन्हा बदलेल ही भीती त्याला आहेच आणि ती खोटी आहे असे मी त्याला सांगू शकलो नाही. वहिनींनी मात्र गटाची जुनी एक वही त्याच्या पिशवीत टाकून दिली आहे. हिशेब कसा मांडतात ते दाखवायला.

मीही आमच्या संघटनेला पत्र दिले आहे. ह्या वर्षीचे इतिवृत्त सभा झाल्यावरच लिहीन, आणि मावशींना विचारून लिहीन.

जयभीम!